टीव्हीच्या पाठीवरची चिठ्ठी

“पडला म्हणजे काय? पिकलं फळ आहे का ते, देठ सुटून पडायला?”

“आई, फॉर्ममध्ये एवढंच विचारलंय. ‘नुकसान कसे झाले?’ पुढे दीड ओळ जागा आहे. दीड ओळीत ‘पडला’ मावतं. तुझं पुराण मावत नाही.”

“मग खरं लिही. टीव्ही आतून गेला, म्हणून लिही. तेही मावतं.”

“आतून गेला लिहिलं की विमा गेला!” मुलाने फॉर्म टेबलावर आपटला. “तुला सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडली. अगं, वाचून दाखव ना तू तिला परत,” हे बायकोला.

सुनेने पॉलिसी उघडली. या घरात तिच्याइतकं निवांतपणे कुणी काही वाचत नसे. दातांच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसते. किंचाळणाऱ्या माणसासमोर शांत आवाजात वाचायची तिला सवय आहे. “पान अकरा. ‘घरातील वस्तू पडून, आपटून, पाणी सांडून, आगीने अथवा चोरीने झालेले नुकसान भरून मिळेल. मात्र झीज, जुनेपणा किंवा वस्तूच्या आतील बिघाडामुळे झालेले नुकसान भरून मिळणार नाही.’ म्हणजे आई, टीव्ही आपल्या मरणाने मेला तर नाही. कुणाच्या हातून मेला तर हो.”

“आणि कुणी मुद्दाम मारला तर?”

“ते पान बारा. तेव्हाही नाही.”

“बघा! म्हणजे चुकून मारायला हवा होता, आणि तुम्हाला ते वेळेवर सुचलं नाही.”

खुर्चीवरून मास्तर, म्हणजे मुलाचे वडील, म्हणाले, “चूक कशी होते ते आधी शिकावं लागतं.” आणि त्यांनी पाय लांब केला.

ज्या बाईच्या सहीसाठी हे सगळं चाललं होतं, त्या बाईला गल्लीत चिठ्ठीकाकू म्हणतात. घर तिच्या नावावर, म्हणून घरातल्या वस्तूंचा विमाही तिच्या नावावर, म्हणून सही तिची. पण नुसत्या सहीचा प्रश्न असता तर मुलाने आईला गोड बोलून ती केव्हाच उरकली असती. खरी अडचण टीव्हीच्या पाठीवर चिकटवलेली होती.

काकूंची लाँड्री घरासमोरच, रस्ता ओलांडला की. दुकान सुरू केलं त्या पहिल्याच वर्षी एका बाईंनी पांढरं जाकीट परत नेताना खांद्यावरचा करपलेला ठिपका दाखवला आणि भर दुकानात आकाशपाताळ एक केलं. ठिपका आधीचा होता. काकूंना ते आठवत होतं. पण आठवणीला कोण विचारतो? गिऱ्हाइकं ऐकत उभी होती, आणि काकू इस्त्रीच्या टेबलामागे उभ्या राहून घळाघळा रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या चादरीच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, न धुतल्या जाणाऱ्या शाईचं पेन आणलं आणि नियम केला. कपडा काउंटरवर आला की आधी उलटा करायचा, सुलटा करायचा, उजेडाला धरायचा. डाग, भोक, उसवण, तुटकं बटण, जे असेल ते पट्टीवर लिहायचं, खाली ‘आधीचं’ असं लिहायचं, गिऱ्हाइकाची सही घ्यायची आणि पट्टी पिनेने कॉलरला लावायची. कपड्यात काहीच खोट नसेल तर लिहायचं ‘निर्दोष’. आणि एकदा लावलेली चिठ्ठी कपडा परत जाईपर्यंत काढायची नाही. स्वतः काकूंनीसुद्धा नाही.

सुरुवातीला लोक चिडले. “शर्ट धुवायला दिलाय का तपासाला?” मग हळूहळू चिडायचे थांबले, कारण चिठ्ठी गिऱ्हाइकाइतकीच दुकानाविरुद्धही बोलायची. एकदा ‘निर्दोष’ लिहिलेल्या साडीचा काठ मशीनमध्ये फाटला, तर काकूंनी चिठ्ठी स्वतःच पुढे केली आणि साडीची किंमत भरून दिली. गेल्या वर्षी एका राखाडी कोटवाल्या गृहस्थांनी खिशाखालचा शाईचा डाग दाखवून दुकान डोक्यावर घेतलं. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. कॉलर उलटली आणि चिठ्ठी त्यांच्या नाकासमोर धरली. ‘डाव्या खिशाखाली शाई. आधीचं.’ खाली त्यांचीच ऐटबाज सही. गृहस्थांचे कान लाल झाले. जाता जाता म्हणाले, “काकू, सगळं जग तुमच्यासारखं वागलं तर माझा धंदाच बसेल.” काय धंदा ते काकूंनी विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालायचा तो फक्त धुण्याआधी.

आता अशी सवय दुकान बंद केलं की दुकानातच थोडी राहते? ती रस्ता ओलांडून घरी आली. घरात नवी वस्तू आली की काकू तिला फिरवून बघत, पट्टी लिहीत, ज्याने वस्तू आणली त्याची सही घेत आणि पाठीवर चिकटवत. पुढे काही बिघडलं की त्याच पट्टीवर तारखेसह भर. पंख्यावर चिठ्ठी, घड्याळावर चिठ्ठी, बाथरूमच्या बादलीवर चिठ्ठी. सुनेने नवा मायक्रोवेव्ह आणला तेव्हा तिचीही सही घेतली. ती नवऱ्याला म्हणाली, “तुझ्या आईने मला बघायला आल्यावर पण उजेडाला धरलं होतं का रे?” मास्तर तर शपथेवर सांगत की लग्नाच्या फोटोमागे ‘घोरतात. आधीचं.’ अशी नोंद आहे. फोटो भिंतीवरून काढून खात्री करण्याची हिंमत आजवर कुणी केलेली नाही.

तर टीव्हीच्या पाठीवर चार महिन्यांपूर्वीची नोंद होती: ‘डावीकडे उभी रेघ.’ त्याखाली: ‘रेघा तीन.’ त्याखाली मागच्या सोमवारची: ‘चित्र गेलं. आपोआप. कुणी हात लावला नव्हता.’

“‘कुणी हात लावला नव्हता’ हे लिहायची काय गरज होती?” मुलगा कळवळून म्हणाला. “कुणी विचारलं होतं?”

“तूच विचारलंस. ‘कुणी हात लावला?’ म्हणून ओरडत आलास. मी उत्तर लिहून ठेवलं.”

“बरं, आता ती चिठ्ठी काढ. एक चिठ्ठी! जगात कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल.”

“मी विमावाल्यांना फोनवर सांगून बसलोय, आई! आज चारला त्यांचा माणूस पाहणीला येणार आहे.”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, बहुतेक पडला असावा.”

“बहुतेक!” सुनेने पॉलिसी मिटली. “घरात टीव्ही पडला आणि तुला बहुतेक कळलं. कुठल्या गावाला होतास?”

यावर सगळे हसले, मुलगा सोडून. आणि मग तोही. हे या घराचं जुनं दुखणं. भांडण ऐन रंगात आलं की कुणीतरी फिसकन हसतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पण काकूंचं हसू लवकर ओसरलं, कारण त्यांची नजर मास्तरांकडे गेली.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. तोंडाने सांगणं हा प्रकार त्यांना जमतच नाही. सगळं करून दाखवायचं. जेवताना ताट हातात धरून वळण समजावणार, झोपेत पाय क्लचवर. अशा माणसाचा उजवा गुडघा तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी बदलला आणि हाती वॉकर दिला. रोज थोडं चाला, असं बजावलं होतं. मास्तर चालायचे ते पलंगापासून टीव्हीपर्यंत. तिथे दिवसभर कुठल्या कुठल्या देशातल्या मोटारींच्या शर्यती बघत, आणि तिथल्या ड्रायव्हरांच्या चुका काढत. “अरे आरसा बघ, आरसा!” घर सकाळी नऊला रिकामं व्हायचं, पण टीव्ही होता तोवर मास्तर रिकामे नव्हते.

सोमवारपासून ते काळ्या पडद्यासमोर बसत. त्याच वेळी, त्याच खुर्चीत. काल काकू दुपारी घरी डोकावल्या तेव्हा म्हणाले, “ये, ये. अंधाराची शर्यत चाललीय. अजून कुणी पुढे गेलेलं नाही.” विनोद चांगला होता. काकू हसल्या, आणि दुकानात परत जाऊन त्यांनी एकाच शर्टाला तीनदा इस्त्री केली.

नवा टीव्ही घ्यायला घरात या घडीला सोय नव्हती. होती ती गुडघ्यात गेली होती. म्हणजे एकीकडे मास्तर, एकीकडे बोटभर पट्टी.

साडेतीन वाजले. मुलगा म्हणाला, “ते चिठ्ठीचं नंतर बघू. आधी टीव्ही पडलेला तर दिसू दे. पडलेला टीव्ही असा ताठ उभा असतो का?”

“जमिनीवर ठेवू या,” सून म्हणाली. तिला आता मजा यायला लागली होती. “पालथा की उताणा?”

“पालथा. काच फुटायला हवी.”

“मग वरून सोड.”

मुलाने टीव्ही दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला, डोळे मिटले. मिनिटभर तसाच उभा राहिला. मग हळूच परत कपाटावर ठेवला. “माझ्याच्याने नाही होत. याच्यावर मी लहानपणी कार्टून बघितलीत.”

“खोटं बोलू नकोस, तो सहा वर्षांपूर्वीचा आहे. तुला मिशा होत्या.”

“मिशा असताना पण बघायचो.”

सून हसता हसता सोफ्यावर कलंडली. “मेलेल्याला मारायला निघालाय, आणि डोळे मिटतोय! द्या इकडे, मी सोडते. दवाखान्यात रोज दात पडताना बघते मी.”

या गोंधळात काकू टीव्हीच्या मागे गेल्या होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी चिकटपट्टीच्या वरच्या कोपऱ्याला नख लावलं. कोपरा सुटला. इतका सहज सुटला की त्यांनाच आश्चर्य वाटलं; इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपल्या चिठ्ठ्या घट्ट असतात. टीव्हीच्या वरून त्यांना मास्तरांचा तळपाय दिसत होता. मोजा उलटा घातलेला, आणि पाय हवेतला ब्रेक दाबतोय. काकूंनी दुसऱ्या कोपऱ्याला नख लावलं.

“थांबा,” मास्तर म्हणाले. “तुम्हा कुणाला साधी चूकही नीट करता येत नाही. पाहणीचा माणूस विचारणार, कसा पडला? प्रत्येक जण वेगळं सांगणार. मी दाखवतो. एकदाच. सगळ्यांनी लक्ष द्या.”

“बाबा, तुम्ही बसा.”

“अरे, नुसतं दाखवतोय. खरं काही करत नाही.” मास्तर वॉकर धरून उठले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जुना कडकपणा आला होता. “समजा, मी पलंगाकडून येतोय. रस्ता मोकळा. वेग बेताचा. आता मला डावीकडे वळायचंय. इंडिकेटर दिला.” त्यांनी खरोखर हात दाखवला. “आरसा बघितला. वळलो. आणि इथे, नेमकं इथे, वॉकरचा पाय टीव्हीच्या वायरमध्ये...”

वायर होती, पण टीव्हीची नव्हती. स्वयंपाकघरातलं प्लगचं भोक ठिणग्या टाकतं म्हणून सुनेने मायक्रोवेव्ह बाहेरच्या खोलीत उंच तिपाईवर ठेवला होता, आणि त्याची वायर टीव्हीच्याच बोर्डाला जोडली होती. वॉकरचा पाय त्या वायरीत अडकला. मास्तरांनी ब्रेक दाबला, म्हणजे गुडघा न बदललेल्या बाजूचा पाय जोरात आपटला. वायर ताणली, तिपाई वाकली, आणि मायक्रोवेव्ह अगदी सावकाश, जणू बसायला जागा शोधत असल्यासारखा, पुढे सरकून जमिनीवर आला.

आवाज मात्र सावकाश नव्हता. दार एकीकडे गेलं, बटणांची पट्टी दुसरीकडे. आतली काचेची गोल ताटली निसटून उभी राहिली, आणि खोलीच्या मधून सगळ्यांच्या देखत घरंगळत, सोफ्याला वळसा घालून, काकूंच्या पायाशी येऊन आडवी झाली. एक तडाही नाही.

 मास्तर वॉकरवर तसेच उभे होते, हात अजून डावीकडे दाखवत.

“असा,” ते म्हणाले. “असा पडला असता.”

सुनेने तोंडावर उशी दाबली. तिला हसायचं होतं की रडायचं ते तिलाच ठरवता येईना. मायक्रोवेव्ह तिचा होता. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला. काकू टीव्हीमागून बाहेर आल्या, मास्तरांना धरून खुर्चीत बसवलं, गुडघा चाचपला, “दुखतंय?” विचारलं. “अभिमान दुखतोय,” मास्तर म्हणाले. मग काकू पुन्हा मागे गेल्या आणि टीव्हीच्या चिठ्ठीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने घट्ट दाबून बसवला. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण कसं कोण जाणे, एकदम हलकं वाटलं त्यांना.

तेवढ्यात बेल वाजली. चारला दहा कमी होते.

दारात राखाडी कोट उभा होता.

काकूंनी आधी कोट ओळखला, मग माणूस. डाव्या खिशाखालचा डाग अजून होता. माणसाने आधी काकूंना पाहिलं, मग खोलीच्या मधोमध पसरलेल्या मायक्रोवेव्हला, मग कपाटावर ताठ उभ्या टीव्हीला.

“माझ्या कागदावर टीव्ही आहे,” तो जपून म्हणाला.

“या, बसा,” काकू म्हणाल्या. “म्हणजे हा तुमचा धंदा!”

“हा माझा धंदा. पडलं ते खरंच पडलं का, हे बघायचं.” तो बसला नाही. वळसा घालून थेट टीव्हीच्या मागे गेला. मुलाने डोळे मिटले.  मागून वाचल्याचा आवाज आला: “‘कुणी हात लावला नव्हता.’ काकू, ही चिठ्ठी मी कुठेही ओळखली असती.”

“फॉर्म आणा,” काकू मुलाला म्हणाल्या. पेन त्यांच्या ओच्याला होतंच. दीड ओळ जागा होती. त्यांनी लिहिलं: ‘टीव्ही कसा पडला असता हे दाखवताना मायक्रोवेव्ह पडला. टीव्ही पडला नाही.’ बरोब्बर मावलं. खाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्याने वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग तो बसला.

“मी एवढी वर्षं हे काम करतोय,” हसू आवरल्यावर तो म्हणाला, “लोक पडण्याच्या शंभर कथा सांगतात. तालीम करताना अपघात झालेला पहिल्यांदाच बघतोय.” मग कामाच्या स्वरात: “टीव्हीचं काही होणार नाही. आतला बिघाड आहे, त्याला विमा नाही. फोनवरचा दावा मागे घेतला असं लिहून द्या, विषय संपला. मायक्रोवेव्हचं बघू. आजोबा, तुम्ही तो मुद्दाम पाडलात का?”

मास्तर ताठ बसले. “मुद्दाम? मी इंडिकेटर दिला होता!”

“दिला होता,” सून उशीमागून म्हणाली. “मी साक्षीदार आहे.”

“आधीपासून काही बिघाड?”

काकूंनी वाकून मायक्रोवेव्हचं धूड कुशीवर वळवलं. मागे पट्टी होती. ‘दार नीट लागतं. बटणं सगळी. निर्दोष.’ तारीख, आणि सुनेची सही. तो माणूस गुडघ्यावर बसला, पट्टीचा फोटो काढला, वायरीचा काढला, वॉकरचा काढला, आणि मास्तरांनी आग्रह केला म्हणून हात दाखवतानाचा मास्तरांचाही. “शेवटचं कंपनी ठरवेल. पण मी लिहिणार ते असं, की वस्तू चांगली होती आणि चुकून पडली. या घरात आधीचं काय आणि आत्ताचं काय, याचा पुरावा पाठीला चिकटवलेला असतो.”

जाताना दारात थांबून तो म्हणाला, “काकू, या कोटावरचा डाग निघेल का?”

“आधीचा आहे,” काकू म्हणाल्या. “प्रयत्न करीन. वचन देणार नाही.”

तो गेला. मुलाने दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. “म्हणजे एवढं सगळं करून, दूध गरम करायची सोय झाली. बाबांची नाही.”

मास्तरांनी काळ्या पडद्याकडे बघितलं, आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली, आपण बघितलं हे कुणाला कळू नये अशी. पण या घरात कुठली गोष्ट कुणालाच कळली नाही, असं होत नाही.

काकूंनी ताटली उचलून पदराने पुसली, टेबलावर ठेवली. ओच्यातून चादरीची एक कोरी पट्टी काढली, दोन ओळी लिहिल्या, आणि पिन घेऊन मास्तरांच्या शर्टाच्या कॉलरला लावली. सुनेने मान पुढे करून वाचलं: ‘उजवा गुडघा. आधीचं.’ खाली: ‘बाकी निर्दोष.’

“आता माझी सही हवी असेल,” मास्तर म्हणाले.

“हवी. करा.” त्यांनी सही करेपर्यंत काकू थांबल्या. मग पेनाला टोपण लावलं.

“उद्यापासून मास्तर माझ्याबरोबर दुकानात येतील. रस्ता ओलांडून चाळीस पावलं आहेत, डॉक्टरांनी सांगितलेलं चालणंही होईल. मोठ्या मशीनच्या गोल काचेसमोर खुर्ची ठेवते. आत दिवसभर कपडे गरागरा फिरतात आणि वळणावर एकमेकांवर आपटतात. त्यांच्या चुका काढत बसा. सकाळी नऊला निघायचं.”